टाकीत काय ओतायचे ते आधी सांगा: शर्यत मालिकेच्या तांत्रिक समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
तांत्रिक समिती, हौशी मोटारसायकल शर्यत मालिका

विषय: येत्या हंगामापासून सर्व गटांना आयात केलेले रेस फ्युएल सक्तीचे करणारे आपले परिपत्रक.

स.न.वि.वि.

मालिकेचे नाव मी या पत्रात मुद्दामच लिहिलेले नाही. ज्यांना उद्देशून हे लिहितो आहे ते पहिल्या परिच्छेदातच स्वतःला ओळखतील, आणि इतर मालिकांच्या आयोजकांनीही ते आपल्यालाच आले आहे असे समजून वाचले तर माझी हरकत नाही. परिपत्रक आल्यावर मी समितीला दोन वेळा लिहिले. पहिल्या पत्राची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. दरम्यान पहिल्या फेरीच्या प्रवेशअर्जांची वेळ जवळ आली आहे आणि माझ्यासारखे अनेक स्पर्धक, इंधनाच्या या नियमापायी हंगाम सोडून द्यावा काय, असा विचार करू लागले आहेत. म्हणून हे चारचौघांत.

आधी माझा संबंध सांगतो. भोसरीत माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. आठवडाभर बुश आणि शाफ्ट कातायचे आणि वर्षातून चार वेळा २०१९ सालची यामाहा आर१५ भाड्याच्या पिकअपमध्ये बांधून बाराशे किलोमीटरवरच्या चेन्नईकडे निघायचे, असा सहा हंगामांचा शिरस्ता आहे. घरच्यांच्या भाषेत, हा माणूस पैसे जाळायला मद्रासला जातो. मी कधी पहिल्या पाचांत आलेलो नाही आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी येण्याची आशाही नाही. तेव्हा माझे बक्षीस बुडेल म्हणून हे लिहितो आहे, असा कोणाचा समज होऊ नये.

गेल्या हंगामात आपण ठरवले की इंधन समितीच पुरवील आणि प्रत्येकाने तेच वापरावे. या निर्णयाचे मी तेव्हा स्वागत केले होते. पेट्रोलमध्ये रंगाच्या दुकानातले थिनर मिसळणारे, विमानासाठीचे निळसर पेट्रोल कोठून तरी पैदा करून आणणारे लोक आपल्या पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या लावायच्या आवारात, होते आणि आहेत, हे आपण सगळेच जाणतो. थिनरमधल्या टोल्युइनचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरेच जास्त असते ही माहिती कोणीतरी कोठेतरी वाचतो, मग थिनरच्या डब्यात आणखी काय काय आहे याचा विचार न करता तो टाकीत रिकामा करतो, आणि नंतर रबरी नळ्या फुगल्या म्हणून गावभर विचारत फिरतो. एकच इंधन, सर्वांना सारखे, हा त्यावरचा योग्य उपाय होता. पण एकच इंधन असा नियम केला की ते खरोखर एकच राहील, हे पाहण्याची जबाबदारी नियम करणाऱ्यावर येते. ती आपण पार पाडली नाही.

पहिल्या फेरीत मिळालेले पेट्रोल आणि तिसऱ्या फेरीत मिळालेले पेट्रोल वेगवेगळे होते. हे मी वासावरून सांगत नाही. पहिल्या फेरीतले उरलेले लिटरभर पेट्रोल माझ्या एका मित्राने जपून ठेवले होते. तिसऱ्या फेरीनंतर आम्ही दोन्ही नमुने शंभर मिलिलिटरच्या मापाच्या नळकांड्यात तपासले. तपासणी शाळेतल्या मुलालाही जमेल अशी आहे: दहा मिलिलिटर पाणी, त्यावर नव्वद मिलिलिटर पेट्रोल, बूच लावून हलवायचे आणि थर वेगळे होईपर्यंत थांबायचे. पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. पहिल्या नमुन्यात तो एकोणीसच्या आसपास गेला, दुसऱ्यात सत्तावीसच्या. म्हणजे एक साधारण दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल होते आणि दुसरे वीस टक्क्यांचे. मधल्या काळात समितीने पंप बदलला असेल किंवा पंपावरचा माल बदलला असेल. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. आम्हाला सांगितले गेले नाही, एवढीच तक्रार आहे.

आता या दहा टक्क्यांचा अर्थ. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या जवळ येतो, दहा टक्क्यांचा चौदाच्या थोडा वर. कार्ब्युरेटरला यातले काहीच कळत नाही. त्याच्या पितळी जेटला जेवढे भोक आहे तेवढे इंधन तो सोडतो, आणि त्या इंधनाला आता कमी हवा हवी असली तरी हवा पूर्वीइतकीच येत राहते. मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन जास्त तापते. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि इथली हवा चेन्नईपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ आहे. पुण्यात नीट बसवलेला जेट तिकडच्या दाट हवेत आधीच थोडा लीन चालतो. हे आम्हाला ठाऊक असते आणि त्याची सोय आम्ही करून येतो. पण दुसरी चूक त्यावर कोणी न सांगता चढवली तर दोन्हींची बेरीज होते.

ही बेरीज ज्याच्या वाट्याला आली तो माझा हाच मित्र. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या गटात तो आरएक्स १०० चालवतो. तिसऱ्या फेरीत लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना, गाडीचा पिस्टन चिकटला, मागचे चाक जाम झाले आणि त्याचे गळ्याचे हाड मोडले. क्लच दाबायला लागतो तेवढा वेळही त्याला मिळाला नाही. नंतर सिलिंडर काढला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्ट पोर्टकडच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि प्लग चुन्यासारखा पांढरा होता. टू-स्ट्रोकवर हात बसलेला कोणताही मिस्त्री त्या दोन खुणा पाहून काय सांगेल, हे समितीतल्या जाणकारांना मी सांगायला नको. अपघाताचे सगळे खापर मी इंधनावर फोडत नाही. जेट त्यानेच निवडला होता आणि हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरच्या जुन्या गाडीत गॅसकेटपासून क्रँकच्या सीलपर्यंत कोठूनही हवा आत येऊ शकते. पण ज्या पेट्रोलसाठी त्याने तो जेट बसवला ते पेट्रोल त्याला दिले गेले नाही, आणि दिले जाणार नाही हे त्याला कळवले गेले नाही. चहा-भजीच्या पैशात येणारा, दोन नंबर मोठा मेन जेट त्याच्या हत्यारांच्या पेटीत पडून होता.

येथे कोणी मला इथेनॉलचा शत्रू ठरवू नये. माझ्या सासुरवाडीचा ऊस ज्या कारखान्यात जातो त्याची डिस्टिलरी हेच इथेनॉल तयार करते, आणि उसाचे बिल वेळेवर निघाले की मलाही आनंद होतो. इंजिनाच्या दृष्टीनेही इथेनॉल वाईट नाही. त्याचे स्वतःचे ऑक्टेन जास्त असते आणि वाफ होताना ते आत येणारी हवा थंड करते. फक्त ते किती आहे हे माहीत हवे आणि गाडी त्यासाठी लावलेली हवी. देशात वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वसाधारण झाले. आपल्या ग्रिडवरच्या, म्हणजे शर्यतीच्या आरंभरेषेवरच्या, बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. माझी २०१९ ची, मित्राची तर गेल्या शतकातली.

तिसऱ्या फेरीनंतर तक्रारी झाल्या आणि समितीने काहीतरी करायचे ठरवले, हे योग्यच झाले. पण जे केले ते असे: येत्या हंगामापासून प्रत्येक स्पर्धकाने प्रत्येक फेरीसाठी, परदेशातून येणाऱ्या "१०० ऑक्टेन, ऑक्सिजनयुक्त, शक्तिवर्धक" रेस फ्युएलचे ५० लिटरचे एक सीलबंद पिंप पॅडॉकमधल्या ठरलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यायचे. गट कोणताही असो, गाडी कोणतीही असो. किंमत पंपावरच्या पेट्रोलच्या पाचपटीहून अधिक. कारणे तीन दिली आहेत: समान संधी, सुरक्षितता आणि इंजिनाची वाढीव शक्ती. तिन्ही कारणांना माझा आक्षेप आहे. सुरुवात शक्तीपासून करतो, कारण सगळा गोंधळ तेथूनच निघालेला दिसतो.

ऑक्टेन हे इंधनातल्या ताकदीचे माप नव्हे. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढत गेली तरी ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपणहून पेट न घेण्याची इंधनाची जी तयारी असते, तिचे ते माप आहे. ज्या इंजिनात कॉम्प्रेशन (आतले मिश्रण किती पट दाबले जाते ते) वाढवले आहे, हेड घासले आहे, टायमिंग पुढे घेतले आहे (ठिणगी लवकर पडेल असे केले आहे), त्याला जास्त ऑक्टेन लागते, कारण कमी ऑक्टेनवर ते इंजिन नॉकिंग करील, म्हणजे इंधन आपणहून पेटून आत ठोके बसतील, आणि पिस्टनचा काठ उंदराने कुरतडल्यासारखा होईल. ज्या इंजिनात यातले काहीच केलेले नाही त्याला जास्त ऑक्टेन देणे म्हणजे सपाट रस्त्यावर चालवायच्या गाडीला घाटातले ब्रेक बसवण्यासारखे आहे. तोटा फारसा नाही, पण उपयोगही नाही. आपल्या स्टॉक (कारखान्यातून आल्या तशाच गाड्यांच्या) गटात माझ्या आर१५ चे कॉम्प्रेशन ११.६ आहे. रॉयल एनफील्डच्या कॉन्टिनेंटल जीटी ६५० चे ९.५ आहे. ही दोन्ही इंजिने कारखान्यातून पंपावरच्या पेट्रोलसाठीच बनून आली, आणि स्टॉक गटाच्या आपल्याच नियमाप्रमाणे त्यांचे हेड, पिस्टन, ईसीयू (इंधन आणि ठिणगी ठरवणारा गाडीतला संगणक) यांपैकी कशालाही हात लावता येत नाही. टायमिंग पुढे घेता येत नसेल तर वाढीव ऑक्टेनमधून शक्ती निघणार कोठून?

उरला "ऑक्सिजनयुक्त" हा शब्द. त्यात मात्र तथ्य आहे, आणि म्हणूनच तो अधिक काळजीचा आहे. इंधनाच्या रेणूतच ऑक्सिजन असला की तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते आणि शक्ती खरोखर वाढते. अट एकच, जास्त इंधन पुरवले पाहिजे. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यासाठी मोठे जेट लागतात आणि इंजेक्शनच्या गाडीत मॅपिंग, म्हणजे ईसीयूमधला इंधनाचा तक्ता, बदलावे लागते. स्टॉक गटात मॅपिंग बदलायला बंदी. म्हणजे समिती एका नियमाने हात बांधणार आणि दुसऱ्या नियमाने पोहायला सांगणार.

येथे कोणी म्हणेल की इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो आणि ईसीयू आपणहून जुळवून घेते. रस्त्यावर, अर्ध्या थ्रॉटलवर, एकसारख्या वेगात ते बरेचसे खरे आहे. पण थ्रॉटल पूर्ण उघडला की बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांचे ईसीयू सेन्सरकडे पाहणे सोडून देते आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडते. शर्यतीत आम्ही थ्रॉटल किती वेळ पूर्ण उघडा ठेवतो, हे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक ज्याने एकदा पाहिला त्याला वेगळे सांगायला नको. ज्या क्षणी इंजिनावर सर्वांत जास्त भार असतो त्याच क्षणी ते स्वतःला सावरू शकत नाही.

यातूनच "समान संधी" हे कारणही कोसळते. काही गाड्या कारखान्यातूनच थोड्या रिच, म्हणजे थोड्या जास्त इंधनावर, लावून येतात, काही उत्सर्जनाच्या नियमांमुळे लीनच्या काठावर. पहिल्यांना या नव्या इंधनाचा आयता फायदा मिळेल, दुसऱ्या गरम होतील आणि शेवटच्या लॅप्समध्ये मंदावतील. गेल्या वर्षी कोणी थिनर ओतून फायदा घेत असेल तर तो निदान लपूनछपून तरी घेत होता.

परिपत्रकातले १०० हे नेमके कोणते १००, हेही कळायला मार्ग नाही. ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींसाठी कॉम्प्रेशन बदलता येणारे एकाच सिलिंडरचे तपासणी इंजिन वापरतात. आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) मोजताना ते मिनिटाला ६०० फेऱ्यांनी आणि सौम्य परिस्थितीत चालवतात. एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) मोजताना ९०० फेऱ्यांनी, मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून. आपल्याकडे पंपावर लिहिलेला ९१, ९५ किंवा १०० हा आकडा आरओएन असतो. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात, त्यामुळे तिकडचे ९१ हे आपल्याकडच्या सुमारे ९५-९६ च्या बरोबरीचे निघते. पिंपावरचे १०० जर अमेरिकी पद्धतीचे असेल तर हे इंधन आपल्या पंपावरच्या १०० पेक्षा बरेच वरचे आहे. ते आरओएन असेल तर तेवढे ऑक्टेन देणारे पेट्रोल पुण्यातच मिळते: इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरमध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० पहिल्या दहा शहरांत आणले तेव्हा त्यांत मुंबईबरोबर पुणेही होते, आणि तेव्हाचा त्याचा दर लिटरला १६० रुपये होता. मग समुद्रापलीकडून पिंप आणायचे कशासाठी? दहा हजार फेऱ्यांवर तापलेल्या इंजिनासाठी खरे महत्त्व एमओएनला आहे, आणि तो आकडा परिपत्रकात कोठेच नाही.

तसेच या इंधनात शिसे आहे की नाही याबाबतही परिपत्रक गप्प आहे. देशात पंपावरचे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण शर्यतीसाठीच्या काही इंधनांत ते आजही असते. असे इंधन दोन-तीन फेऱ्या वापरले की ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतात, आणि आपल्यातले निम्मे लोक शर्यतीचीच गाडी सोमवारी आरसे-दिवे लावून कामावर घेऊन जातात. पॅडॉकमध्ये बापाबरोबर आलेली आठ-दहा वर्षांची पोरे त्याच कॅनशेजारी वडापाव खात असतात, हेही लक्षात घ्यावे. शिसे नसेल तर तसे एक वाक्य लिहायला काहीच लागत नाही.

आता पिंपाकडे येतो. माझी गाडी एका फेरीत, सराव, पात्रता आणि दोन शर्यती धरून, सात लिटर पेट्रोल पिते. फार तर आठ. पन्नास लिटरमधून बेचाळीस उरतील. त्यांचे काय करायचे? विक्रेता उघडलेले पिंप परत घेणार नाही, असे परिपत्रकातच आहे. घरी न्यावे तर पेट्रोलियम कायदा, १९३४ आडवा येतो: 'अ' वर्गातले पेट्रोलियम (पेट्रोल त्यातच येते) विक्रीसाठी नसेल तर विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता किंवा वाहून नेता येते, आणि तेही २५ लिटरांहून मोठ्या भांड्यात नव्हे. म्हणजे समिती आम्हाला जे पिंप घ्यायला लावते आहे ते भरलेले असताना आमच्या पिकअपमध्ये चढवणेच बेकायदा आहे. रेल्वेने नेण्याचा तर प्रश्नच नाही. पॅडॉकमध्ये ठेवून यावे तर चाळीस स्पर्धकांची चाळीस अर्धवट पिंपे पत्र्याच्या शेडखाली पुढच्या फेरीपर्यंत राहतील, आणि त्यांची राखण कोण करणार हे परिपत्रक सांगत नाही. सुरक्षितता हे तीन कारणांपैकी दुसरे होते, याची येथे आठवण करून देतो.

शिवाय उघडलेले पिंप टिकत नाही. चांगल्या इंधनातले हलके घटकच आधी उडून जातात, अल्कोहोल असेल तर ते हवेतली ओल ओढून घेते, आणि चेन्नईच्या हवेत ओलीला तोटा नाही. पुढच्या फेरीत त्याच पिंपातले इंधन वापरणारा आणि नवे पिंप फोडणारा असे दोन स्पर्धक एकाच ग्रिडवर उभे राहिले तर "एकच इंधन" हा नियम पुन्हा कागदावरच राहील. तिसरी शक्यता, उरलेले कोणीतरी शेजारच्या ओढ्यात ओतेल. तिच्याविषयी लिहायचीही इच्छा होत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. चार फेऱ्यांची चार पिंपे म्हणजे माझ्या वर्षभराच्या टायरांहून जास्त पैसे. टायर लॅप टाइम कमी करतात आणि मला रस्त्यावर उभे ठेवतात. पैसे कोठे घालायचे हा निर्णय हौशी माणसाच्या हातून काढून घ्यायचा असेल तर त्याला तेवढेच सबळ कारण हवे.

आणि एवढे सगळे करूनही फसवणूक थांबेल काय? सील पिंपाला असते, टाकीला नसते. रात्री टाकीत काय ओतले हे सीलवरून कळत नाही. ते कळते पार्क फर्मेमध्ये, म्हणजे शर्यतीनंतर गाड्या तपासणीसाठी ठेवतात त्या बंद जागेत, टाकीतून नमुना घेतल्यावर, आणि गेल्या संपूर्ण हंगामात माझ्यासमोर असा एकही नमुना घेतला गेला नाही. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि मापाचे नळकांडे एवढ्यावर घनता आणि इथेनॉल दोन्ही पाहता येतात. पंपावर ग्राहकाने मागितली तर घनता मोजून दाखवतातच. तुलनेसाठी समितीने दिलेल्या इंधनाचा नमुना शेजारी ठेवला की मिसळलेले थिनर लपत नाही. जेथे खरोखर शंका येईल तेवढाच नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, खर्च दोषी ठरणाऱ्याकडून घ्यावा.

केवळ विरोध करणे सोपे असते, म्हणून मला काय योग्य वाटते तेही मांडतो. खुल्या गटातल्या, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेल्या आणि स्वतंत्र ईसीयू बसवलेल्या गाड्यांना रेस फ्युएलचा खरा उपयोग आहे. त्यांना ते जरूर वापरू द्यावे, पण त्यांच्या इच्छेने. त्यासाठी मर्यादा नव्याने शोधायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघ, म्हणजे एफआयएम, आपल्या स्पर्धांतील शिसेविरहित इंधनासाठी आरओएन ९५ ते १०२ आणि वजनाने २.७ टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन अशा सीमा वापरत आला आहे. ऑक्सिजनची ही सीमा मात्र जशीच्या तशी पंपावरच्या पेट्रोलला लावता येणार नाही, कारण वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तो सात टक्क्यांवर जातो. ती खुल्या गटातल्या खरेदी केलेल्या इंधनापुरती ठेवावी. स्टॉक आणि नवोदित गटांसाठी ट्रॅकजवळच्या एकाच पंपावरून, एकाच वेळी भरून आणलेले, ९५ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल पुरेसे आहे. ते महाग रेस फ्युएलपेक्षा नेहमीच सरस असते असा माझा दावा नाही. ते या गाड्यांना साजेसे असते, कोठेही पुन्हा मिळते आणि पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात बसून त्यावर गाडी लावून पाहता येते. जुन्या टू-स्ट्रोक गटाला दहा टक्क्यांपेक्षा कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळवून देता आले तर उत्तमच. ते जमत नसेल तर प्रमाण आधी कळवावे, जेट आम्ही बदलू.

त्यामुळे समितीकडे माझ्या, आणि या पत्राचा मसुदा वाचून सहमती कळवलेल्या माझ्या गटातल्या स्पर्धकांच्या, मागण्या अशा आहेत.

सक्तीचे परिपत्रक स्टॉक, नवोदित आणि जुन्या टू-स्ट्रोक गटांपुरते मागे घ्यावे. प्रत्येक फेरीच्या किमान तीन आठवडे आधी त्या फेरीत वापरायच्या इंधनाचे आरओएन आणि एमओएन स्वतंत्रपणे, १५ अंशांवरची घनता, इथेनॉलचे प्रमाण आणि शिसे आहे की नाही, एवढे एका कागदावर जाहीर करावे. त्यानंतर इंधन बदलावेच लागले तर फेरीच्या पहिल्या सकाळी तसे लेखी कळवावे, सरावाचे एक जादा सत्र द्यावे आणि स्टॉक गटालाही त्या फेरीपुरती जेट व मॅपिंग बदलण्याची मुभा द्यावी. या मागणीवर मी सर्वांत जास्त अडून बसणार आहे.

खुल्या गटासाठी जे काही विकले जाईल ते पाच किंवा दहा लिटरच्या धातूच्या डब्यांत विकावे आणि सील न फोडलेला डबा परत घ्यावा. समितीने पुरवलेल्या इंधनाचे दोन सीलबंद नमुने प्रत्येक फेरीत काढावेत, एक समितीकडे आणि एक स्पर्धकांच्या प्रतिनिधीकडे. शर्यतीनंतर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तीन गाड्यांच्या टाकीतला नमुना सर्वांसमोर तपासावा. आणि विक्रेता कसा निवडला, किती जणांकडून दर मागवले, हे जाहीर करावे. हा आरोप नाही. पाचपट दराने एकाच ठिकाणाहून घ्या असे सांगणाऱ्याला हा प्रश्न विचारला जाणारच.

माझ्या मित्राने त्याची आरएक्स १०० पुन्हा बांधली आहे. सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घातला, क्रँकचे सील बदलले. हाड जुळले असले तरी डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. येत्या हंगामात तो येणार आहे, फक्त मेन जेट कोणता बसवू, असे त्याने मला विचारले आहे आणि मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही. ते उत्तर समितीकडे आहे. प्रवेशअर्ज सुरू होण्यापूर्वी ते लेखी मिळावे.

गेल्या हंगामाच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे उरलेले नमुने मी तारीख लिहून, बूच लाखेने बंद करून वर्कशॉपमध्ये ठेवले आहेत. समितीला ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासायचे असतील तर दिवस आणि जागा कळवावी, मी घेऊन येईन. बाटल्या काचेच्या आहेत, पण एक लिटरच्या आतल्या आहेत, त्यामुळे कायद्यात बसतात.

आपला,
स्टॉक गटातील एक स्पर्धक,
भोसरी, पुणे